काम आवडतं, पण ड्युटीवर जावंसं वाटत नाही

सकाळी दादरहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या लोकलला बसायला जागा मिळते. नाइट करून घरी निघालेल्या सिस्टरांसाठी मुंबईने राखून ठेवलेलं हे एवढंच सुख. समोरून येणाऱ्या गाडीच्या दारात बायका लोंबकळत असतात आणि आपण मात्र खिडकीशी, डोकं गजाला टेकवून, उलट्या दिशेने निघालेलो. माझी ३१ वर्षं अशी गेली. शेवटची काही वर्षं परिसेविका म्हणून, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत इन्चार्ज सिस्टर.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या वॉर्डातली एक नवी स्टाफ शेजारी बसली होती. हाताने इतकी चलाख की पेशंटची व्हेन, म्हणजे सुई लावायची शीर, मिळत नसली की आम्ही जुन्या बायकाही तिलाच हाक मारायचो. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं, ती गप्पच. मुलुंड आलं तेव्हा म्हणाली, "सिस्टर, मला काम आवडतं हो. पण ड्युटीवर जावंसं वाटत नाही. असं कसं?"

मी तिला आपलं नेहमीचंच सांगितलं. झोप काढ, चार दिवस रजा टाक, आईकडे जाऊन ये. सल्ला चुकीचा नव्हता, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. ती 'दमले' म्हणाली नव्हती. एकाच तोंडाने दोन उलट्या गोष्टी बोलत होती आणि दोन्ही खऱ्या होत्या. नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. हा लेख म्हणजे त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर.

ताण नेमका कशाचा

नर्सिंगमध्ये ताण कशाचा, असं कुणालाही विचारा. रक्त, मृत्यू, रात्रपाळी, अंगावर येणारे नातेवाईक, ही यादी ठरलेली. सगळं खरं आहे. पण एक गंमत पाहा. रात्री अचानक पेशंट कोलमडतो. एकजण छातीवर दाब द्यायला लागते, दुसरी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, ओढते, ब्रदर (पुरुष नर्स) ऑक्सिजन लावतो, डॉक्टर धावत येतात. वीस मिनिटांनी पल्स परत येते. त्या वीस मिनिटांत शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा नुसता पूर आलेला असतो, पाठोपाठ कॉर्टिसोल, दोन्ही ताणाची संप्रेरकं. तोंडाला कोरड, हात मात्र स्थिर. आणि तासाभराने चहा घेताना वॉर्डात जवळजवळ सणाचं वातावरण असतं. अशा रात्रीनंतर राजीनामा लिहिलेली सिस्टर मी तरी पाहिली नाही.

कारण शरीराची ही यंत्रणा थोड्या वेळासाठीच बनलेली आहे. चढायचं, झुंजायचं, उतरायचं. बिघडतं ते उतरायला सवड मिळत नाही तेव्हा. मग बीपी वाढतं, ॲसिडिटी होते, पाळी मागेपुढे होते, झोप लागली तरी कागदासारखी पातळ लागते. सहा-सहा महिने गोळ्या घेऊन 'मला काही ताणबीण नाही' म्हणणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. मीही त्यातलीच होते.

मग न उतरणारा ताण कुठून येतो? रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली एक साधी मांडणी केली. कामाचा बोजा किती, एवढंच पाहू नका. त्या कामात माणसाचा स्वतःचा शब्द किती चालतो तेही पाहा. बोजा जास्त आणि शब्दही चालतो, तर माणूस दमतो पण शिकत जातो. बोजा जास्त आणि शब्द चालत नाही, तर माणूस आजारी पडतो.

वॉर्डातलं उदाहरण देते. रात्रीचे दोन. ऑपरेशन झालेली बाई कण्हते आहे. दुखण्याच्या इंजेक्शनची ऑर्डर संध्याकाळपर्यंतचीच होती, पुढची लिहायची राहिली आहे. रेसिडेंट डॉक्टर ओटीत, फोन उचलत नाही. बाईचा नवरा माझ्यावर ओरडतोय, "तुम्हाला माणुसकी आहे की नाही?" इंजेक्शन समोरच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे, द्यायचा अधिकार मला नाही. त्या नवऱ्याचं चुकत नाही, डॉक्टरचंही चुकत नाही. पण मधल्या फटीत उभी कोण, तर मी. आमच्या कामातला सगळ्यात जाळणारा ताण मला विचाराल तर हा आहे: जबाबदारी माझ्या नावावर, अधिकार दुसऱ्याच्या.

त्यात जे नर्सिंग नाहीच अशी कामं भर घालतात. ब्लड बँकेला फोन, हरवलेले रिपोर्ट, इंडेंटमध्ये मागितलेला आणि न आलेला कापूस, बंद पडलेला पंखा. प्रत्येक काम दहा मिनिटांचं. पण एका शिफ्टमध्ये दहा मिनिटं किती वेळा असतात?

पगाराचंही आहेच. योहानेस झिग्रिस्ट या जर्मन अभ्यासकाने १९९६ मध्ये मांडलं की जेवढं ओततो तेवढं परत येत नाही, ही जाणीवच माणसाला पोखरते. परत येणं म्हणजे पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती. कंत्राटावर लागलेल्या मुली आमच्याच बरोबरीने, आमच्याच वॉर्डात, आमच्या निम्म्या पगारात राबताना मी पाहिल्या. त्यांच्यापुढे 'सेवाभाव' हा शब्द काढताना माझी जीभ अडखळायची.

चौदा नंबर

'बर्नआउट' हा शब्द आता कुणीही कशालाही वापरतं. सोमवारी कंटाळा आला तरी बर्नआउट. मुळात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो कामाच्या संदर्भात मांडला, आणि ख्रिस्तिना मॅस्लॅक यांनी तो मोजायची प्रश्नावली १९८१ मध्ये दिली. त्यांच्या मते त्याचे तीन पदर असतात. पहिला, मन पार रितं होणं. दुसरा, माणसांपासून तुटणं. तिसरा, आपण काही कामाचे उरलो नाही असं वाटत राहणं.

पहिला पदर सगळ्यांना कळतो. दुसरा कळत नाही, कारण तो आपल्याला बरा वाटतो. माझी गोष्ट सांगते. सलग नाइट्स, त्यात दोन स्टाफ रजेवर. सकाळी राउंडच्या आधी मी मावशींना ओरडून विचारलं, "चौदा नंबरचं पॉट दिलं का?" चौदा नंबरच्या आजींची मुलगी शेजारीच उभी होती. ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "आईला नाव आहे हो, सिस्टर." मला ते नाव आठवेना. त्या आजी आमच्याकडे अकरा दिवस होत्या.

त्या वेळी मला वाटलं, आपण निर्ढावलो. आज तसं म्हणणार नाही. रोज ६० माणसांचं दुखणं अंगावर घ्यायचं तर मन कुठेतरी पडदा ओढून घेतंच. पेशंटचा नंबर होतो तो क्रूरपणामुळे नाही, जगून राहण्यासाठी. फक्त या पडद्याची किंमत मोजावी लागते. दुःख अडतं तसं त्याच पडद्याला समाधानही अडतं. बरी होऊन घरी निघालेली बाई 'येते हं सिस्टर' म्हणते आणि आपण केसपेपरमधून मान वर करत नाही. मग तिसरा पदर आपोआप येतो: एवढं मरमर करून मी करते तरी काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आजार म्हटला की औषध माझ्या तोंडात पडतं. कामाच्या जागेतून आलेली अवस्था म्हटली की जागेची तपासणी करावी लागते.

राहिलेलं काम

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते.

आमच्या वॉर्डात ४० खाटा. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सुरू झाले की पेशंट ६० च्या वर जायचे. उरलेले जमिनीवर गाद्या टाकून, ज्याला आम्ही फ्लोअर बेड म्हणतो. नाइटला दोन स्टाफ, एक मावशी. अशा रात्री काय होतं आणि काय राहतं?

इंजेक्शनं होतात. अँटिबायोटिक वेळेवर जातं, सलाईन बदललं जातं, बीपी घेतलं जातं, सकाळचे रक्ताचे नमुने काढले जातात. राहतं ते हे: अंथरुणाला खिळलेल्या बाईची कूस बदलणं. तोंड स्वच्छ करणं. ज्याला हात उचलत नाही त्याला दोन घास भरवणं. ऑपरेशननंतर धरून चार पावलं चालवणं. उद्या घरी जाणाऱ्याला गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजावणं. आणि जवळ बसून ऐकणं.

बीट्रिस कॅलिश या अमेरिकन नर्सिंग संशोधिकेने २००६ मध्ये परिचारिकांशी बोलून नेमकी अशीच यादी काढली होती. तिने याला 'राहून गेलेली शुश्रूषा' अशा अर्थाचं नाव दिलं. ती यादी वाचताना मी चक्रावले. तिथली रुग्णालयं आणि आमचा वॉर्ड यांत साम्य ते काय? तरी तिच्या यादीतल्या नऊपैकी एकही गोष्ट मला परकी वाटली नाही.

हीच कामं का राहतात? कारण ती विचारत कुणी नाही. इंजेक्शन चुकलं तर मेमो येतो. केस विंचरले नाहीत म्हणून आजवर कुणाला मेमो आलेला नाही. जे कागदावर दिसतं ते आधी होतं, उरलेल्या वेळात बाकीचं, आणि वेळ उरत नाही.

पण नर्सिंगला आलो कशासाठी, ते आठवून पाहा. एका रविवारी दुपारी, मेगाब्लॉकमुळे नातेवाईक कमी, वॉर्ड कधी नव्हे तो शांत. त्याच चौदा नंबरच्या आजी. त्यांच्या केसांच्या इतक्या जटा झाल्या होत्या की मावशी म्हणाल्या कापूनच टाकू. मुलीच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली होती. मी स्टूल ओढलं, तेल ओतलं आणि मागून, टोकाकडून, एकेक बट सोडवत बसले. टोकाकडून सुरू करायचं, मुळाकडून ओढलं तर डोळ्यांत पाणी येतं. अर्धा तास गेला. आजी त्यांच्या गावच्या विहिरीचं काहीतरी सांगत होत्या, मध्येच बोलणं थांबलं. झोपल्या होत्या. आठवडाभर झोपेच्या गोळीने जे झालं नव्हतं ते झालं. ३१ वर्षांत मी हजारो इंजेक्शनं दिली असतील, त्यातलं एक आठवत नाही. ती वेणी आठवते.

आणि इथे गाठ सुटते. ताण वाढला, माणसं कमी पडली की आधी गळतं ते तेच काम, ज्यातून समाधान मिळतं. इंजेक्शनं राहिली आणि गप्पा झाल्या, असं कधी होत नाही. म्हणजे बोजा नुसता थकवा देत नाही, कामातला गोडवाही सोबत घेऊन जातो. हाती उरते ती नुसती धावपळ. त्या मुलीला 'आवडतं' होतं ते काम वेगळं, आणि तिला ड्युटीवर करावं लागत होतं ते वेगळं. दोन्हींचं नाव नर्सिंग, एवढंच.

यात एक टोचणीही असते. काय करायला हवं ते मला माहीत आहे, कसं करायचं तेही माहीत आहे, आणि इथली परिस्थिती करू देत नाही. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात याला नैतिक क्लेश असं नाव दिलं. थकवा झोपेने जातो, हा जात नाही. घरी भाजी चिरताना मध्येच सुरी थांबते: बारा नंबरची कूस बदलायची राहिली.

समाधानाचं खातं वेगळं

आपण समजतो, ताण कमी झाला की समाधान आपोआप वाढेल. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये म्हटलं, तसं नसतं. ही दोन वेगळी खाती आहेत. पगार, ड्युटी लिस्ट, कपडे बदलायची खोली, वरिष्ठांचं वागणं, या गोष्टी बिघडल्या की माणूस चिडतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो आनंदी होत नाही, फक्त चिडायचा थांबतो. आनंद येतो तो प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून, शिकण्यातून आणि कुणीतरी ते काम पाहिलं यातून.

हर्झबर्ग यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. त्यांनी विचारलं होतं पिट्सबर्गमधल्या इंजिनिअर आणि हिशेबनिसांना. महिन्याच्या २५ तारखेला जिचं पाकीट रिकामं होतं तिला 'पगाराने आनंद मिळत नाही' हे सांगून पाहावं. पण खाती दोन आहेत, हे मात्र पटतं. म्हणून एकाच रात्री सिस्टर पार पिळून निघालेली आणि तृप्त, दोन्ही असू शकते. आणि म्हणूनच वातानुकूलित, छान पगाराच्या जागी बसून कुणी आतून कोरडी पडते.

मुंबईत या दुसऱ्या खात्याचं सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये वॉर्डबॉयने हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. हल्ल्याआधी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं अशा पिढ्या नोकरीला लागल्या आणि त्यांनी ही ड्युटी उचलली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या इच्छामरणाच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा या सेवेची मनापासून दखल घेतली. इतक्या वर्षांत बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ दिला नाही, हेही तेव्हा पुढे आलं. बाहेरच्याला हे वाक्य साधं वाटेल. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, दिवसाला १२ वेळा. ४२ वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्या बायकांना कामाचा बोजा नव्हता थोडाच? पण कूस बदलणं हे राहून जाणारं काम त्यांनी त्या एका खोलीत कधी राहू दिलं नाही, आणि त्याचा अभिमान आज निवृत्त झालेल्यांच्याही बोलण्यात येतो.

आकडे कुणाच्या हातात

दरवर्षी १२ मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वाढदिवशी, केक कापला जातो. एका वर्षी आमच्यासाठी ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळाही ठेवली होती. ठेवली होती आमच्या ऑफच्या दिवशी. बदलापूरहून, विरारहून बायका सुट्टी सोडून आल्या आणि दीर्घ श्वास घेऊन परत गेल्या. श्वासाला माझा विरोध नाही, प्राणायाम मी आजही करते. पण ६० पेशंटना दोन स्टाफ हा प्रश्न नाकाने सुटणारा नाही.

लिंडा एकेन या अमेरिकन नर्सिंग संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एकेक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. म्हणजे सिस्टरचा ताण हा सिस्टरचा खासगी मामला राहत नाही, तो पेशंटच्या जिवाशी येतो. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदाच केला. तिथे साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक, इतरत्र पाचामागे एक, आयसीयूत एकास एक. निकष आणि वॉर्ड यांची भेट क्वचित होते, हे मी वेगळं सांगायला नको.

खासगीतल्या पगारासाठीही सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती: २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २० हजारांच्या खाली नाही. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलींनी हा आकडा माहीत ठेवून जावं. मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. अंगावर हात उगारला गेला तर 'जाऊ दे' न म्हणता लेखी तक्रार द्या, आणि इन्चार्जला सोबत घ्या. तक्रार न केलेली घटना कागदावर घडलेलीच नसते.

आपल्या हातात काय

थोडंच आहे, पण आहे.

नाइटचं आधी सांगते, कारण शरीराचं घड्याळ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. रात्री काम करायला ते बनलेलं नाही. पहाटे तीन ते पाच अंगाचं तापमान उतरतं, लक्ष उडतं, औषधाच्या चुका होण्याची हीच वेळ. तेव्हाचं प्रत्येक इंजेक्शन जोडीदारणीला वाचून दाखवून द्यावं. आळीपाळीने २० मिनिटं पाठ टेकायला मिळाली तर टेका. पाऊण तास झाला तर मात्र उठल्यावर डोकं जड राहतं. चहा-कॉफीचा निम्मा अंमल पाच तासांनीही उरतो, म्हणून तीननंतर नको. सकाळच्या उन्हात गॉगल घाला. लोक हसतील, हसू देत. डोळ्यांत ऊन गेलं की मेंदू दिवस सुरू करतो. आणि स्कूटरने जात असाल तर नाइटनंतर नको, लोकलच बरी.

खरी अडचण घरी असते. दोन खोल्यांचं घर, कुकरच्या शिट्ट्या, कुरिअरवाल्याची बेल, आणि दिवसा झोपलेल्या बाईकडे पाहणारी नजर. सासूबाई माझ्यावर कधी ओरडल्या नाहीत, पण शेजारीण आली की दबक्या आवाजात म्हणायच्या, "झोपलीय अजून." त्या 'अजून'मध्ये सगळं आलं. शेवटी नवऱ्याने दारावर पाटी लावली: नाइट आहे, दोनपर्यंत बेल वाजवू नये. ही पाटी मला दागिन्यापेक्षा प्रिय होती.

इन्चार्ज बायकांशी दोन शब्द. मी स्वतः ऑफ मागायला आलेल्या मुलीकडे कपाळाला आठ्या घालून पाहायचे, हे कबूल करते. ड्युटी लिस्ट हा आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपचार आहे. सकाळ, मग दुपार, मग नाइट असा क्रम शरीराला सोसतो. उलटा क्रम सोसत नाही. यादी पंधरा दिवस आधी लागली तर घरचं लग्न, मुलाची परीक्षा तिला बसवता येते. त्यात आपला एक रुपया जात नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत ४१ रुग्णालयं निवडून पाहिली होती, जिथे परिचारिका टिकतात. तिथे पुरेशी माणसं, ड्युटीत लवचीकपणा, निर्णयात परिचारिकेचा शब्द आणि ऐकून घेणाऱ्या वरिष्ठ बायका आढळल्या. पहिली गोष्ट आपल्या हाती नाही, शेवटची नक्कीच आहे.

वॉर्डात मृत्यू झाला की बॉडी जाते, चादर बदलते, दहा मिनिटांत नवा पेशंट. लहान मूल गेलं असेल, किंवा जिच्याशी लळा लागला होता ती गेली असेल, तर ज्या दोघीतिघी तिथे होत्या त्यांनी पाच मिनिटं ड्युटी रूममध्ये बसावं. काय झालं, कुणाला काय वाटलं, एवढंच. चूक शोधायची नाही.

आणि हे सगळं करूनही दोन आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते ताणाच्या पलीकडे गेलं. डॉक्टरकडे जायचं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही. आपण दुसऱ्याला सांगतो ना, उशीर केलात म्हणून?

राहिलेल्या कामाचं काय केलं, ते सांगते. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे वॉर्ड सोपवताना, आपण जे झालं ते सांगतो. मी एक दोनशे पानी वही आणली आणि वर फक्त 'राहिलेलं' लिहिलं. प्रत्येक शिफ्टने जाताना, ओरडा खाण्याची भीती न बाळगता, काय राहिलं ते लिहायचं. पुढच्या शिफ्टने त्यातलं एक उचलायचं, एकच, जमेल ते. पहिल्या महिन्यात मुली चोरून लिहायच्या. मग सरावल्या. वाक्य वहीत उतरलं की ते लोकलमध्ये सोबत येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. तीन महिन्यांनी ती वही मी मेट्रनसमोर ठेवली. स्टाफ काही वाढला नाही. संध्याकाळी चार ते आठ एक जादा मावशी मिळाली, भरवण्यासाठी.

त्या चलाख हाताच्या मुलीचं अक्षर त्या वहीत पुष्कळ ठिकाणी आहे. एक पान मी निवृत्त होताना झेरॉक्स करून आणलं. दुपारच्या शिफ्टला तिने लिहिलंय, "बेड ९, मुलीला फोन लावून द्यायचा राहिला." खाली नाइटच्या ब्रदरने हिरव्या शाईत, "लावला. उचलला नाही." त्याखाली सकाळच्या स्टाफने, "दोनदा लावला. बंद." आणि चौथी ओळ पुन्हा तिचीच, घाईत लिहिलेली, शेवटची अक्षरं समासाबाहेर गेलेली: "लागला. बारा मिनिटं बोलल्या."